सूचीतील भर : अजिंठ्याचे लेणीक्रमांक, जिल्ह्यांच्या याद्या आणि संगणकावरील लिस्ट बॉक्स

१

इतिहासाच्या अभ्यासकाला यादी ही अपरिचित वस्तू नाही. वंशावळी, महसुलाचे तक्ते, शिलालेखांच्या सूची, हस्तलिखितांच्या नोंदवह्या यांवरच त्याच्या अभ्यासाची बरीचशी उभारणी होते. तथापि यादी हाती घेतली म्हणजे अभ्यासक तीतील नोंदी वाचतो. एखादी नोंद त्या यादीत केव्हा व कोणत्या मार्गाने आली, ती आल्यामुळे आधीच्या नोंदींचे काय झाले, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. वस्तुतः यादी एकदा तयार करणे सोपे असते. तयार झालेल्या यादीत नंतर भर घालणे हे कठीण असते. कारण पहिल्या वेळी यादीवर कोणीही विसंबलेले नसते. दुसऱ्या वेळी पुष्कळांनी तिच्यावर विसंबून लिहिलेले, नोंदविलेले व ठरविलेले असते.

हाच प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर नव्या रूपाने उभा राहिला. खिडकीतील चौकटीत नावांची एक उभी यादी दिसते, वापरणारा तीतील एक नाव निवडतो. या चौकटीस लिस्ट बॉक्स म्हणतात. तीत नवे नाव कसे घालावे, हा आज्ञावलीकारांच्या प्राथमिक शिक्षणातील एक धडा आहे. परंतु या धड्यातील खरी अडचण संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर व त्याचा जिल्हा यांच्या इतिहासात ती दोन शतके वावरत आहे. अजिंठ्याच्या लेण्यांना दिलेले क्रमांक हे तिचे सर्वांत जुने व सर्वांत बोलके उदाहरण होय.

२

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला आणि एका चैत्यगृहात शिरला. तेथील स्तंभावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. आज आपण ते चैत्यगृह ‘लेणे क्रमांक १०’ म्हणून ओळखतो. स्मिथने ते पाहिले तेव्हा त्यास कोणताही क्रमांक नव्हता. क्रमांक देण्याचे काम त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी जेम्स फर्ग्युसन यांनी केले. फर्ग्युसन १८३९ मध्ये अजिंठ्यास गेले. १८४३ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला, आणि १८४५ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

फर्ग्युसन यांची पद्धती सरळ होती. नालाकृती कड्याच्या पूर्व टोकापासून आरंभ करावा व पश्चिमेकडे चालत जाताना जे लेणे लागेल त्यास पुढचा अंक द्यावा. हा क्रम पायी चालणाऱ्याचा आहे. लेणी कोरणाऱ्यांचा नव्हे. सर्वांत प्राचीन लेण्यांत गणली जाणारी ९ व १० या क्रमांकांची चैत्यगृहे यादीच्या मध्याकडे आली, तर वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळाशी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाशी, ज्याचा संबंध जोडला जातो ते चित्रसंपन्न लेणे क्रमांक १ हे शिरोभागी बसले. अंकाचा अर्थ येथे केवळ स्थान एवढाच होता.

पुढे या यादीत भर घालण्याचे प्रसंग आले. ते किमान तीन आहेत, आणि तिन्ही वेळी निरनिराळा उपाय योजला गेला हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पहिला प्रसंग लेणे क्रमांक २९ चा. हे अपूर्ण राहिलेले चैत्यगृह कड्यात वरच्या बाजूस, क्रमांक २० व २१ यांच्या दरम्यान आहे. पहिल्या मोजणीत ते नजरेआड राहिले. ते ध्यानात आले तेव्हा त्यास त्याच्या जागेचा अंक द्यावयाचा तर २१ पासून पुढचे सर्व अंक एकेकाने सरकवावे लागले असते. तसे न करता ते यादीच्या शेवटी जोडण्यात आले. अंक स्थिर राहिले. परंतु अंक व स्थान यांची फारकत झाली.

दुसरा प्रसंग १५ व १६ यांच्या दरम्यानच्या लहान लेण्याचा. त्यास शेवटचा अंक न देता ‘१५ अ’ म्हणण्यात आले. येथे स्थानही राखले गेले व इतरांचे अंकही राखले गेले. मात्र शुद्ध अंकांच्या मालिकेत एक अक्षर शिरले. २९ लेणी म्हणावीत की ३०, हा मोजणीचा घोटाळा त्यातूनच सुरू होतो.

तिसरा प्रसंग १९५६ चा. दरड कोसळून लेणे क्रमांक १६ कडे जाणारी पायवाट बंद झाली होती. ती मोकळी करताना मजुरांना ढिगाऱ्यात एक छिद्र व एक लहान स्तूप दिसला. अधिक शोध घेता प्रवाहाच्या पात्राजवळ तीन खोल्यांचा एक हीनयान विहार उघडा झाला. त्या खोल्यांत दगडी शय्या व दगडी उशा आहेत. त्याचे स्थान १५ व १६ यांच्या परिसरात असूनही त्यास क्रमांक ३० मिळाला. येथे विसंगती पराकोटीस पोहोचते. हा विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानला जातो व अजिंठ्यातील आद्य लेण्यांत त्याची गणना होऊ शकते. परंतु यादीत तो सर्वांत शेवटी आहे. जो कालदृष्ट्या कदाचित पहिला, जो स्थानदृष्ट्या मधला, तो अंकदृष्ट्या अखेरचा.

३

मग सर्वच लेण्यांना नव्याने अंक का दिले नाहीत, असे कोणी विचारील. उत्तर ग्रंथालयात सापडते. फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांचा १८८० चा संयुक्त ग्रंथ, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ नंतर विद्यार्थ्यांकडून करविलेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती, हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केलेले चार भाग, या सर्वांत चित्रांचा व लेखांचा निर्देश जुन्या अंकांनीच झालेला आहे. वराहदेवाचा लेख लेणे १६ मध्ये आहे, बुद्धभद्राचा लेख २६ मध्ये आहे, हे वाक्य शंभर वर्षांत शेकडो ठिकाणी लिहिले गेले. अंक एका घराने सरकविले असते, तर यांतील प्रत्येक वाक्य, त्यातील एकही अक्षर न बदलता, असत्य झाले असते. ज्यांची मूळ चित्रे आज पुष्कळ अंशी झिजली आहेत अशा प्रतिकृतींच्या बाबतीत ही हानी केवळ गैरसोयीची नसून पुराव्याची ठरली असती.

अंक स्थिर ठेवण्याचा निर्णय म्हणून योग्यच होता. परंतु त्याचीही किंमत आहे. वेरूळ येथे रूढ क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. हा क्रम इतका नीटस दिसतो की तो कालक्रमच आहे, असा समज सहज होतो. अलीकडील बहुतेक अभ्यासकांच्या मते मात्र २१ व २९ यांसारखी काही हिंदू लेणी सहाव्या शतकातील असून वेरूळच्या बौद्ध लेण्यांच्या आधीची आहेत. विद्यापीठाच्या परिसरामागील डोंगरातील औरंगाबाद लेण्यांतही प्राचीनतम असलेले चैत्यगृह क्रमांक ४ चे आहे. स्थान दाखविण्यासाठी दिलेला अंक वाचकाच्या मनात काळ दाखवू लागतो; यादीचा हा दोष तिच्या कर्त्याच्या हेतूत नसतो, तो वाचकाच्या सवयीत असतो.

४

आता संगणकाकडे वळावे. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रणाली १९८५ मध्ये बाजारात आली. विंडोजमधील लिस्ट बॉक्सला नवे नाव देण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते अजिंठ्याच्या प्रसंगांशी जुळतात. ‘ॲडस्ट्रिंग’ या संदेशाने दिलेले नाव साध्या यादीत शेवटी जोडले जाते. क्रमांक २९ व ३० यांची गत तीच. ‘इन्सर्टस्ट्रिंग’ या संदेशासोबत स्थानाचा अंक द्यावा लागतो. नाव त्या ठिकाणी घुसते व पुढची सर्व नावे एकेक घर खाली जातात. अजिंठ्यात जे टाळले गेले ते येथे क्षणार्धात घडते. मोजणी शून्यापासून सुरू होते, हा एक वेगळाच विशेष. पहिल्या नावाचा अंक शून्य असतो.

याखेरीज तिसरा प्रकार आहे. यादी वर्णक्रमाने लावलेली असावी, असा गुणधर्म तिला आधीच दिला असेल, तर ‘ॲडस्ट्रिंग’ने घातलेले नाव शेवटी न जाता आपल्या वर्णानुसार जागा शोधते. ते कोठे बसले हे आज्ञावलीला उत्तरादाखल मिळणाऱ्या अंकावरूनच कळते. अशाच वर्णक्रमित यादीत ‘इन्सर्टस्ट्रिंग’ वापरले तर मात्र नाव सांगितलेल्या जागीच बसते आणि वर्णक्रम मोडतो. दोन आज्ञांचे मिश्रण करणाऱ्या नवशिक्याची यादी अर्धी वर्णक्रमित व अर्धी विस्कळित होते, त्याचे कारण हे.

१९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने हेच काम ‘ॲडआयटम’ या एका शब्दात आणले: स्थानाचा अंक सोबत दिला तर मध्ये, न दिला तर शेवटी. हजारो कार्यालयीन आज्ञावल्या या सोयीवर उभ्या राहिल्या. पण सोय वाढली तशी एक चूकही सुलभ झाली: वापरणाऱ्याने निवडलेल्या नावाऐवजी त्या नावाचा यादीतील अंकच टिपून ठेवण्याची. हा अंक म्हणजे नावाची ओळख नव्हे. ते त्या क्षणीचे आसन आहे. यासाठीच लिस्ट बॉक्समध्ये प्रत्येक नावाला एक स्वतंत्र, न दिसणारा अंक बांधून ठेवण्याची व्यवस्था आहे. नाव वर सरकले, खाली गेले, तरी तो अंक त्याच्याबरोबर जातो. १९७९ मध्ये नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मांडलेला विचार याच दिशेचा पण अधिक मूलगामी होता: माहितीचा साठा वेगळा व पडद्यावरचे तिचे दर्शन वेगळे. भर साठ्यात घालावी. दर्शनाने आपले आपण बदलावे.

५

आसन व ओळख यांतील हा भेद किती महत्त्वाचा आहे हे महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या यादीवरून स्पष्ट होईल. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते. १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना व रत्नागिरीमधून सिंधुदुर्ग, १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम व नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर अशी भर पडत संख्या ३६ झाली. वर्णक्रमाच्या यादीत पालघर परभणी व पुणे यांच्या मध्ये येतो. म्हणजे पुण्यापासून पुढचा प्रत्येक जिल्हा त्या दिवशी एक घर खाली गेला. वाहनांच्या नोंदणीत मात्र वेगळी रीत दिसते. औरंगाबादचा संकेत एमएच २०, जालन्याचा एमएच २१. पण नंतर झालेल्या वाशीम, हिंगोली व नंदुरबार यांना अनुक्रमे ३७, ३८ व ३९ मिळाले. परभणीच्या २२ शेजारी हिंगोलीला जागा करून द्यावी म्हणून कोणाच्या गाडीची पाटी बदलली नाही. अजिंठ्याच्या २९ व्या लेण्याची हीच युक्ती होय.

२०११ च्या जनगणनेत देशभर एकच सलग मालिका होती. महाराष्ट्राचे तत्कालीन ३५ जिल्हे ४९७ ते ५३१ या अंकांत बसले. औरंगाबादचा अंक ५१५. पुढचा ५३२ हा आंध्र प्रदेशातील आदिलाबादला दिलेला होता. मालिकेत एकही जागा रिकामी नसल्याने तीन वर्षांनी जन्मलेल्या पालघरला शेजाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याची सोय उरली नाही. यादी जितकी घट्ट, तितकी भर अवघड.

नामांतराचा प्रसंग याहून सूक्ष्म आहे, कारण त्यात नवी वस्तू येत नाही. असलेली वस्तू नव्या नावाने येते. या शहराला हा अनुभव नवा नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी १६२६ मध्ये फतेहनगर झाली, १६५३ मध्ये औरंगाबाद झाली. शहराचे नाव २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, आणि जिल्ह्याचे त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, छत्रपती संभाजीनगर असे झाले. मधल्या काळात शहरांच्या यादीत एक नाव व जिल्ह्यांच्या यादीत दुसरे, अशी स्थिती होती. ज्याने शहर व जिल्हा यांसाठी एकच नोंद वापरली असेल त्याच्या यादीत हे दोन्ही खरे एकाच वेळी मांडताच येत नव्हते.

वर्णक्रमाचा हिशेब मांडून पाहावा. नामांतरापूर्वीच्या मराठी यादीचा आरंभ असा: अकोला, अमरावती, अहमदनगर, उस्मानाबाद, औरंगाबाद, कोल्हापूर, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर. औरंगाबाद पाचवे. याच सुमारास उस्मानाबाद धाराशिव झाले व ध च्या पंक्तीत गेले. २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झाले, पण तिसऱ्या जागीच राहिले. नव्या यादीत कोल्हापूर चौथे, गडचिरोली पाचवे, गोंदिया सहावे, चंद्रपूर सातवे आणि छत्रपती संभाजीनगर आठवे येते. रोमन वर्णक्रमातही ते चौथ्यावरून आठव्या जागी गेले. समजा, एखाद्या जुन्या आज्ञावलीने अर्जदाराच्या जिल्ह्याऐवजी त्याचे आसनच, म्हणजे ‘पाचवा’, एवढे साठविले आहे. नवी यादी बसविताच पैठणचा रहिवासी गडचिरोलीचा ठरतो. कोणीही त्याची नोंद बदललेली नसते. त्याच्या नोंदीत एक अक्षरही चुकलेले नसते. कोल्हापूरचे तर नावही बदलले नाही, तरी त्याचे आसन सहाव्यावरून चौथे झाले. जुन्या यादीतील ‘सहावा’ म्हणून नोंदलेला कोल्हापूरकर नव्या यादीत गोंदियाचा होतो. लेण्यांचे अंक सरकविले असते तर ग्रंथांचे जे झाले असते, तेच येथे माणसांच्या कागदपत्रांचे होते. ज्या नोंदीत ५१५ असा स्वतंत्र अंक साठविला असेल ती मात्र या सर्व उलथापालथीत अबाधित राहते.

ओळखीचा हा अंक कसा असावा, याचाही बोध याच शहरात होतो. रेल्वे स्थानकाचा संकेत औरंगाबाद या नावावरून रचलेला होता. २०२५ मध्ये स्थानकाचे नाव बदलले तेव्हा संकेतही बदलला. चिकलठाणा विमानतळाच्या ‘आयएक्सयू’ या संकेतातून मात्र शहराच्या कोणत्याच नावाचा बोध होत नाही. अर्थपूर्ण संकेत लक्षात ठेवण्यास सोपा. पण अर्थ बदलला की त्यालाही बदलाची ओढ लागते.

६

मराठी यादीच्या बाबतीत आणखी एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे: वर्णक्रम कोणाचा? १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेली इस्की ही संकेतावली अनेक भारतीय लिप्यांना एकाच आराखड्यात बसविते. तीत ळ हा ल च्या लगत आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून केलेली असल्याने तेथेही तेच. मराठी मुलाला मात्र ळ हा ह च्या नंतर शिकविला जातो. परिणामी, केवळ संकेतांच्या क्रमाने लावलेल्या यादीत काळे हे आडनाव कासारच्या आधी येते; मराठी वर्णमालेप्रमाणे ते कासारच्या नंतर आले पाहिजे. क्षीरसागर संकेतांच्या क्रमाने क च्या अखेरीस जाते. वर्णमालेच्या शेवटी शोधणाऱ्यास ते सापडत नाही. मराठीसाठी स्वतंत्र क्रमनियम करता येतात व ते झालेही आहेत. पण आज्ञावलीकाराने ते मागितले पाहिजेत. न मागितल्यास यंत्र आपला क्रम लावते व तोच क्रम मराठीचा म्हणून पुढे रूढ होतो. वेरूळचे क्रमांक जसे कालक्रम भासू लागले तसेच हे आहे.

७

या सर्व विवेचनातून जे हाती येते ते महसुली दप्तरास पूर्वीपासून ठाऊक होते. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्यात प्रत्येक नवी नोंद शेवटीच लिहिली जाते आणि तिला मिळालेला अंक पुन्हा बदलत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर नव्या धारकाचे नाव येते, जुने नाव खोडून नाहीसे न करता कंसात घेतले जाते, आणि बदल कोणत्या फेरफाराने झाला तो अंक नोंदला जातो. एक वही घडल्या क्रमाने वाढते. दुसरा कागद आजची स्थिती दाखवितो. साठा व दर्शन यांचा भेद तलाठ्याच्या दप्तरात संगणकाच्या आधीच नांदत होता.

म्हणून सूचीत भर घालताना तीन गोष्टी पृथक् ठेवाव्या लागतात: वस्तूची ओळख, तिचे यादीतील आसन, आणि तिचे नाव. ओळख न बदलणारी असावी. आसन प्रत्येक दर्शनात नव्याने ठरावे. नाव बदलू शकते, पण प्रत्येक नावाबरोबर ते कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत चालले हे नोंदलेले असावे. मराठवाड्यातील शिलालेख, हस्तलिखिते व गावे यांच्या ज्या सूची आज संगणकावर चढविल्या जात आहेत, त्यांच्या बाबतीत हा नियम पाळला गेला नाही तर उद्याच्या संशोधकाला खडकी, फतेहनगर, औरंगाबाद व छत्रपती संभाजीनगर ही चार गावे वाटतील; आणि अजिंठ्याच्या प्रवाहाकाठचा तो प्राचीन विहार, केवळ त्याचा अंक तीस आहे म्हणून, तो सर्वांत अर्वाचीन मानील.